आंद्रेआबाई येणार!

माझे दाजी इचलकरंजीत यंत्रमाग चालवतात. दाजी फक्त माझे. बाकी गावाचे ते अण्णा. बँकेचे साहेब अण्णा म्हणतात, सूतवाले अण्णा म्हणतात, मागावरचे जॉबर अण्णा म्हणतात आणि उधारी थकली की तेच लोक जरा जोरात अण्णा म्हणतात. पाळण्यातलं नाव आता फक्त आधार कार्डाला ठाऊक. साहजिकच दाजींनी ईमेलचा पत्ता काढला तो अण्णा या नावाने आणि पत्राखाली सही ठोकायची तीही तेवढीच. इंग्रजीतली चार अक्षरं. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ या चार अक्षरांत होतं, पण ते कळायला थेट इटलीहून माणूस यावा लागला.

झालं असं, की दाजींनी जुने खडखडे माग भंगारात काढून इटलीचे रेपियर माग घ्यायचं ठरवलं. माग बोटीने आले. ते बसवून, चालू करून द्यायला तिकडून तंत्रज्ञ येणार होता. महिनाभर ईमेल चालू होते. तिकडची सही असायची 'आंद्रेआ'. एवढं पुरेसं होतं. दाजींनी घरात जाहीर केलं, "बाई येणार हाय."

"बाई कशावरून?" ताईने विचारलं.

"आंद्रेआ म्हणजे बाईच की. आकारान्त हाय. सीता, गीता, आंद्रेआ."

या घोटाळ्यात मराठी भाषेचाही हात आहे, हे मला नंतर सुचलं. आपल्याकडे 'येतो' म्हटलं की पुरुष, 'येते' म्हटलं की बाई. लपवायची सोय नाही. पण 'येणार' हे असं बेरकी क्रियापद आहे की त्याच्या आडून कुणीही यावं. आंद्रेआ सत्तावीसला येणार, आंद्रेआ आपल्याकडेच उतरणार, आंद्रेआ तिखट खाणार का? महिनाभर सगळं घर 'येणार'वर चाललं आणि कुणालाच 'तो की ती' याचा हिशेब द्यावा लागला नाही. ईमेल इंग्रजीत, तिथेही तीच तऱ्हा. फक्त सुरुवातीचे दोन शब्द तिकडून इटालियनमध्ये यायचे : 'कारा आन्ना'. दाजींनी ते 'का रं आण्णा?' असं वाचलं आणि बेहद्द खूश झाले. "बघ, इटलीत बसून कोल्हापुरी बोलतीया!"

ताईने माडीवरची खोली सारवल्यासारखी स्वच्छ केली. आरशापुढे नवा कंगवा, टिकल्यांचं पाकीट आणि हातभर बांगड्या मांडल्या. ओटीसाठी खण, नारळ, तांदूळ काढून ठेवले. "परक्या देशातनं एकटी बाई येणार, मागाखाली शिरून तेलात हात घालणार, धाडसाचीच म्हणायची," असं म्हणून तिने भिशीतल्या बारा जणींना हळदीकुंकवाचं आमंत्रणही दिलं. आणि मी पुण्याला असतो, इंग्रजी बोलतो आणि बायकांशी नीट बोलतो, या तीन आरोपांवरून पाहुणीला विमानतळावरून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पुण्याच्या विमानतळावर मी पुठ्ठ्यावर 'मिस आंद्रेआ' असं ठळक लिहून उभा होतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गोऱ्या बाईकडे पाहून मी तो पुठ्ठा हलवत होतो. दोघींनी दुर्लक्ष केलं, तिसरीने नवऱ्याला बोलावलं. तेवढ्यात सहा फूट उंचीचा, छातीपर्यंत दाढी आलेला एक माणूस माझ्यासमोर येऊन थांबला. त्याने पुठ्ठा वाचला, उसासा टाकला, खिशातलं पेन काढलं, 'मिस' खोडून त्या जागी 'मिस्टर' लिहिलं आणि टोपण लावून पेन परत खिशात ठेवलं. ते इतक्या सवयीने केलं, की जगातल्या किती विमानतळांवर त्याने हे शुद्धलेखन तपासलं असेल, असं माझ्या मनात आलं.

गाडी हायवेला लागली तशी मी माफी मागितली. तो म्हणाला, "माझ्या देशात हे पुरुषाचं नाव आहे. नुसतं पुरुषाचं नाही. त्या नावाचा अर्थच पुरुष!"

आणि ते खरं आहे. ग्रीक भाषेत 'आनेर' म्हणजे पुरुष. त्याला षष्ठी लावली की होतो 'आंद्रोस'. त्यावरून 'आंद्रेआस', म्हणजे मर्द गडी. 'आंद्रेया' म्हणजे शौर्य. आता 'आनेर'मध्ये नसलेला 'द' 'आंद्रोस'मध्ये आला कुठून? तर 'न'च्या मागोमाग 'र' आला की जिभेला मध्ये टेकायला एक पायरी लागते. आपण नाही का 'वानर'चं 'वांदर' करत? अगदी तसंच. भाषेचे अभ्यासक सांगतात, की हा ग्रीक 'आनेर' आणि आपला संस्कृत 'नृ', 'नर' हे एकाच मुळातून फुटलेले शब्द. ग्रीकांनी सुरुवातीचा 'आ' जपून ठेवला, आपल्याकडे तो गळला. म्हणजे आंद्रेआ हा आपल्या नरहरीचा, नरसोबाचा लांबचा चुलतभाऊ निघाला. आणि वानर या शब्दाची जुने शास्त्री जी फोड करायचे, तीही आठवली : 'वा नरः', हा नर आहे की काय? विमानतळावर माझ्या चेहऱ्यावर नेमका हाच प्रश्न होता.

मग इतक्या मर्दानी नावाला शेवटी हा 'आ' कसा चिकटला? इटालियन भाषेचा साधा नियम असा, की शेवटी 'ओ' म्हणजे पुरुष, 'आ' म्हणजे बाई. मारिओ तो, मारिआ ती. पाओलो तो, पाओला ती. पण ग्रीकमधून आलेल्या पुरुषी नावांच्या शेवटी 'आस' असायचं : आंद्रेआस, लुकास, एलिआस. इटालियन माणसाला शब्दाच्या शेवटी व्यंजन आलं की घशात काटा अडकल्यासारखं होतं. त्याने 'स' काढून टाकला. उरला आंद्रेआ, लुका, एलिआ. निकोला आणि मात्तिआ हेही त्याच गल्लीतले. म्हणजे हा 'आ' स्त्रीलिंगाचा नव्हेच, शेपूट तुटलेल्या पुल्लिंगाचा आहे. कवीला इटालियनमध्ये 'पोएता' म्हणतात आणि पोपला म्हणतात 'पापा'. साऱ्या कॅथलिक जगाचा कारभार एक आकारान्त पुरुष पाहतो, तिथे बिचाऱ्या आंद्रेआने काय घोडं मारलंय?

सीमा ओलांडली की मात्र सगळं उलटं. जर्मनीत आंद्रेआस बाप्या आणि आंद्रेआ बाई. स्पेनमध्ये बाप्या आंद्रेस, बाई आंद्रेआ. इंग्रजीत अँड्र्यू आणि अँड्रिया. फ्रेंच आणि पोर्तुगीजांनी आंद्रे केलं, तेच पोर्तुगीजांच्या होड्यांतून गोव्यात उतरलं. रशियनांनी आंद्रेई केलं. सगळ्यांनी आपापल्या घरात बाप्यांची आणि बायांची वेगवेगळी दावण बांधून घेतली. इटलीतही बायकांसाठी 'आंद्रेइना' असं नाव आहे, पण आपल्या मूळ पुरुषाला त्यांनी 'आ' लावून उघड्यावर सोडलं, आणि मग तो जगभर मिस होत फिरतो.

साताऱ्याजवळ चहाला थांबलो तेव्हा आंद्रेआ आपल्या नामबंधूंची यादी सांगू लागला. टेनर गायक आंद्रेआ बोचेली. फुटबॉलमधला आंद्रेआ पिर्लो. क्रेमोनात व्हायोलिनच्या घराण्याची गादी घालणारा आंद्रेआ आमाती. मोंतालबानो नावाच्या पोलिसाच्या कादंबऱ्या लिहिणारा आंद्रेआ कामिल्लेरी. फ्लॉरेन्सचा चित्रकार आंद्रेआ देल सार्तो, म्हणजे 'शिंप्याचा आंद्रेआ', कारण बाप शिंपी. आणि वास्तुकार पाल्लादिओ. हा जन्माचा आंद्रेआ, एका चक्कीवाल्याचा मुलगा. पुढे एका विद्वान आश्रयदात्याने त्याला 'पाल्लादिओ' हे नाव दिलं ते पाल्लास अथेना या देवीवरून. नाव पुरुषाचं, उपनाव देवीचं. त्या माणसाने ज्या खांबांच्या देवड्या बांधल्या, त्यांच्या नकला पुढे अर्ध्या जगाने केल्या. पण त्याला कुणी मिस म्हटल्याचं ऐकिवात नाही.

"आणि दोरिया," आंद्रेआ म्हणाला. जेनोवाचा दर्यासारंग आंद्रेआ दोरिया : जन्म १४६६, मृत्यू १५६०, आणि म्हातारपणीही आरमार घेऊन समुद्रावर. ब्रोंझिनोने त्याला समुद्रदेव नेपच्यूनच्या रूपात रंगवलंय. मिलानच्या ब्रेरा कलादालनात ते चित्र आहे. उघडाबंब, पिळदार, दाढीधारी म्हातारा; शिडाचं कापड कमरेवर राहील न राहील असं. एवढा पुरावा दिल्यावर कुणाची शंका उरू नये. याच दोरियाच्या नावाचं आलिशान प्रवासी जहाज १९५६ च्या जुलैत नॅन्टकेटजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजावर आपटून बुडालं. समोर कोण आहे हे नीट न ओळखता आल्याचा तोही एक प्रकारच.

चहाचा दुसरा कप झाल्यावर आंद्रेआने बॅगेतून एक सुरेख डबी काढून दाखवली. कोमो शहरचा रेशमी स्कार्फ, फिका गुलाबी, फुलाफुलांचा. "हा सिन्योरा आन्नासाठी. त्या एकट्या बाई एवढा कारखाना चालवतात. आमच्या ऑफिसात सगळ्यांना कौतुक आहे."

माझा चहा नाकात गेला.

इटलीत आन्ना म्हणजे बाई, अगदी शंभर टक्के. मूळ हिब्रू 'हन्ना', अर्थ कृपा. येशूच्या आजीचं नाव म्हणून घराघरांत ठेवलेलं. 'कारा' म्हणजे 'प्रिय', पण बाईमाणसाला लिहायचं 'प्रिय'. पुरुषाला लिहिताना 'कारो' होतं. महिनाभर दाजी ज्याला 'का रं' समजून खूश होत होते, ते 'प्रिय अण्णाबाई' होतं. आणि आपला अण्णा तर कानडीतून आलेला, अर्थ थोरला भाऊ. म्हणजे दोघांचीही नावं अर्थाने पक्की पुरुषी, दोघांच्याही शेवटी 'आ', आणि दोघेही एकमेकांना बाई समजून महिनाभर अदबीने पत्रं लिहीत होते. मी ताईला फोन करायला मोबाइल काढला. मग विचार केला, आपल्या आयुष्यात असे योग किती येतात? मोबाइल खिशात ठेवला.

इचलकरंजीत गाडी दारात थांबली तेव्हा ताई ताम्हण घेऊन उंबऱ्यात उभी होती. मागे बारा जणी जरीच्या पदरांत. मागे गजऱ्याची करंडी. आंद्रेआ उतरला, पुढे झाला, कमरेत वाकला आणि डबी पुढे धरून म्हणाला, "सिन्योरा आन्ना!" ताई त्याच्या खांद्यावरून गाडीत वाकून पाहत होती.

"बाई कुठाय?" दाजींनी मला विचारलं.

"हीच," मी म्हटलं. "आणि त्याची बाई म्हणजे तुम्ही."

पुढची दोन मिनिटं कुणालाच शब्द सुचले नाहीत. मग भिशीतल्या सगळ्यात थोरल्या आजी पुढे झाल्या. "पावणा त्यो पावणा. बाई काय आन् बाप्या काय," म्हणून त्यांनी कुंकवात बोट बुडवलं. मी श्वास रोखला. आजींनी बोट त्याच्या कपाळावर टेकवलं आणि गोल फिरवायच्या ऐवजी वर ओढलं. झाला टिळा! कुंकू तेच, कोयरी तीच, बोटही तेच. गोल लावलं की सवाष्ण, उभं ओढलं की पाहुणा. एका अक्षराने तो आणि ती ठरवणाऱ्या इटालियन भाषेला हे बघायला मिळायला हवं होतं. खण बाजूला ठेवून नारळ, टोपी आणि शाल पुढे आली. स्कार्फ ताईला द्यायचा ठरला, पण दाजींनी डबीवरची चिठ्ठी दाखवली. "नाव माझं लिवलंय." तो फुलाफुलांचा गुलाबी स्कार्फ मफलरसारखा गळ्याभोवती गुंडाळून ते त्या थंडीभर कारखान्यात जात होते. हसायची कुणाची छाती झाली नाही. पगार त्यांच्याच हाती.

रात्री तांबड्या-पांढऱ्याच्या साक्षीने पंगत बसली. आंद्रेआने डायरीत मराठी शब्द टिपायला घेतले. दाजींकडे बोट करून 'नवरा' लिहिलं, ताईकडे बोट करून 'बायको' लिहिलं. मग थांबला. 'नवरा'च्या शेवटी आ, 'बायको'च्या शेवटी ओ. त्याने डायरी माझ्यापुढे सरकवली आणि हळूच विचारलं, "आमच्या नियमाने 'नवरा' स्त्री आणि 'बायको' पुरुष होते. उलटं लिहिलं का?"

मी भाषांतर करून सांगितलं. ताई रस्सा वाढता वाढता म्हणाली, "या घरापुरतं बरोबर लिवलंय त्यानं."

नावावरून बाई की बाप्या हे ओळखण्याचा आपलाही अभिमान तसा पोकळच. सुमन म्हटलं की आपल्याला सुमन कल्याणपूर आठवतात. कमल ही आपल्याकडे मावशी, तमिळनाडूत कमल हासन. ज्योती आपल्याकडे भाऊबीजेला ओवाळायला येते, बंगालमध्ये ज्योती बसू तेवीस वर्षं मुख्यमंत्री होते. किरण मोरे यष्टीमागे, किरण बेदी पोलिसांत. आपण हे सगळं बिनतक्रार चालवून घेतो, कारण आपल्या सरकारला नाव काय ठेवलं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. इटलीत असतं. २००० सालच्या हुकूम क्रमांक ३९६ प्रमाणे मुलाचं नाव त्याच्या लिंगाला साजेसं पाहिजे. हयात बापाचं नाव मुलाला ठेवायचं नाही, हयात भावंडाचंही नाही. हास्यास्पद किंवा लाज वाटेल असं तर मुळीच नाही.

हे नुसतं कागदावर नाही. जेनोवात एका जोडप्याने मुलाचं नाव ठेवलं 'वेनेर्दी', म्हणजे शुक्रवार. २००७ साली कोर्टाने ते रद्द केलं. रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतल्या नोकराची आठवण होते, पोराला लोक चिडवतील, असं कारण दिलं, आणि मूल ज्या संताच्या दिवशी जन्मलं त्याच्यावरून 'ग्रेगोरिओ' असं नाव ठेवायला सांगितलं. गंमत म्हणजे रविवार इटलीत चालतो. दोमेनिका म्हणजे रविवार, आणि हे मुलींचं जुनं, घरंदाज नाव आहे. शुक्रवारी मात्र कोर्ट उघडं असतं.

हे ऐकून पंगतीत सन्नाटा पसरला. आपल्याकडे सोमा, मंगळ्या, बुधा ही माणसं सरळ वारावरूनच निघालेली. आणि मूल जगत नाही म्हणून दृष्ट लागू नये अशी नावं ठेवायची रीत आठवा : दगडू, धोंडू, केरू, भिकाजी. इटलीतल्या कारकुनाने यातलं एकही नाव वहीत चढू दिलं नसतं. धोंडो केशव कर्वे तिकडे जन्मले असते, तर १९५८ चं भारतरत्न कुठल्या तरी ग्रेगोरिओच्या नावाने द्यावं लागलं असतं.

याच कायद्याच्या कचाट्यात आंद्रेआही सापडला. परदेशातली चाल पाहून इटलीतही काही आईबापांनी मुलीचं नाव आंद्रेआ ठेवायला सुरुवात केली. त्यावर आक्षेप आला : हे पुरुषाचं नाव, मुलीला साजेसं नाही. प्रकरण चढत चढत रोमच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की बाकीच्या जगात हे नाव बायकांचंही आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. मुलीला ठेवता येईल. म्हणजे अर्थ 'मर्द', मूळ 'नर', आणि नाव आता कायद्याने मुलीचंही. हा अन्याय वाटत असेल तर संस्कृतकडे बघा. 'नर'वरूनच 'नारी' झाली. आपण ही सोय दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच केली आणि कोर्टात गेलो नाही.

तीस नोव्हेंबरला सकाळी आंद्रेआचा फोन सारखा वाजत होता. ताईने कारण विचारलं तर म्हणाला, "आज माझा दिवस." ताईला एवढं बस होतं. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, सगळं तयार. आंद्रेआ पाटावर मांडी घालून बसला. गुडघे कानांपर्यंत आलेले. ताई ओवाळू लागली तशी निरांजन जिकडे जाईल तिकडे त्याची मानही फिरू लागली. शेवटी ताईने डाव्या हाताने त्याची हनुवटी धरून ठेवली आणि औक्षण पुरं केलं.

"कितवा?" दाजींनी विचारलं.

तेव्हा कळलं, वाढदिवस नव्हताच. नावाचा दिवस होता, 'ओनोमास्तिको'. ज्या संताचं नाव, त्या संताच्या दिवशी त्या नावाच्या सगळ्यांचं अभिनंदन. दर्यासारंग दोरिया आणि वास्तुकार पाल्लादिओ हे तर जन्मलेच तीस नोव्हेंबरला. आपल्याकडे नावाचा सोहळा आयुष्यात एकदा, तोही ज्याचं नाव तो झोपलेला असताना. इटलीत दरवर्षी, जागेपणी. "म्हंजे दरसालचं बारसंच की!" ताई म्हणाली आणि हरभरे भिजत घालायला उठली. संध्याकाळी सगळ्या कारखान्याला घुगऱ्या मिळाल्या. वयाच्या चाळिशीत बारशाच्या घुगऱ्या स्वतःच्या हाताने खाल्लेला मी पाहिलेला हा पहिला माणूस.

घुगऱ्या खाताना आंद्रेआने संताची गोष्ट सांगितली. आंद्रेआ हा येशूचा शिष्य, पीटरचा भाऊ. दोघेही गालीलच्या तळ्यावरचे कोळी. भावाचं मूळ नाव हिब्रू, शिमोन. याचं मात्र ग्रीक. एकाच घरात एका पोराचं नाव मराठी आणि दुसऱ्याचं इंग्रजी असावं, तशातली गत. ग्रीसमधल्या पात्रास गावी त्याला फुलीच्या आकाराच्या क्रुसावर मारलं अशी परंपरा सांगते. स्कॉटलंडच्या झेंड्यावरची फुली ती हीच. आपल्या मुंबईत वांद्र्याला हिल रोडवर पोर्तुगीजांनी १५७५ मध्ये बांधलेलं चर्च आहे, तेही याच कोळ्याचं. आणि त्याच्या अस्थी १२०८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून आणल्या गेल्या इटलीतल्या अमाल्फीला.

आंद्रेआचे आजोबा अमाल्फीचे. पोटासाठी उत्तरेत आले, पण रीत सोडली नाही. दक्षिणेतली रीत अशी, की पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव. आजोबांना पाच मुलगे, म्हणून घरात पाच चुलतभाऊ आंद्रेआ. दाजींना हे लगेच पटलं. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवायचेच. फक्त आपल्याकडे सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, त्यामुळे नातवाला हाक मारायची पंचाईत, म्हणून प्रत्येक घरात एक बाळू. अमाल्फीत वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि नोव्हेंबरात, संताची जड मूर्ती खांद्यावर घेऊन लोक कॅथेड्रलच्या बासष्ट पायऱ्या चालत नाहीत, धावत चढतात. "आमच्या जोतिबाला सासनकाठ्या नाचवत नेत्यात, तसंच," दाजी म्हणाले आणि दोघांनी एकमेकांना टाळी दिली. दोन आकारान्त पुरुषांमधलं उरलंसुरलं अंतर त्या टाळीत मिटलं.

कारखान्यात मात्र या कशाचीच गरज पडली नव्हती. पहिल्या दिवशी दुपारीच मागाच्या खडखडाटावर जॉबरचा आवाज ऐकू आला, "आंद्याऽऽ! हिकडं बघ, धागा तुटतोय!" आंद्रेआ धावत गेला. संध्याकाळी त्याने मला विचारलं, "आंद्या म्हणजे काय?" मी सांगितलं, की मराठीत गणपतीचा गण्या होतो, पांडुरंगाचा पांड्या, सुरेशचा सुऱ्या. हा 'या' बायकांना लागत नाही. सुमन झाली तर सुमी होईल, सुम्या होणार नाही. तो फक्त पुरुषाला लागतो आणि त्यातही आपल्या माणसाला. आंद्रेआ बराच वेळ गप्प राहिला. जगभरच्या विमानतळांवर पेन काढून जे त्याला सिद्ध करावं लागत होतं, रोमच्या न्यायाधीशांना ज्यावर निकाल द्यावा लागला, ते आमच्या जॉबरने एका जोडाक्षरात, जेवणाच्या सुट्टीआधी निकालात काढलं होतं. डायरीत त्याने तो शब्द लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

महिन्याभराने माग नीट चालू लागले. आंद्रेआ ताईने बांधून दिलेला खण आईसाठी घेऊन परत गेला. आठवड्याने त्याचं ईमेल आलं. दाजींनी मला फोन केला, आवाज काळजीचा.

"अरं, ह्यो रागावला का काय? कायम 'का रं आण्णा' लिवायचा. आज 'का रो' लिवलंय. खाली आंद्या म्हणून सही हाय."

मी समजावून सांगितलं : 'कारा' बाईला, 'कारो' बाप्याला. कुठल्याही इटालियन मास्तराने 'कारो आन्ना' हे लाल शाईने खोडलं असतं. पण त्या माणसाला आता अण्णा कोण हे ठाऊक आहे, म्हणून त्याने तुमच्यासाठी स्वतःच्या भाषेचं व्याकरण मोडलंय. तुम्हाला पुरुष केलंय, दाजी.

पलीकडे थोडा वेळ मागांचा खडखडाट तेवढा ऐकू येत राहिला.

"त्ये ऱ्हाऊ दे," दाजी म्हणाले. "त्याला लिव्ह, पैलंच बरं हुतं म्हणावं."